सनूसी पिंजारी आणि फनारची गादी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर मुअल्लिम हिगाझीचा कहवाखाना. डावीकडे फनार क्लबच्या मैदानाची भिंत, उजवीकडे अन्फूशीतले होड्या बांधणाऱ्यांचे मांडव, मागे अलेक्झांड्रियाचा करडा समुद्र, आणि मध्ये फुटपाथवर, डुगडुगत्या खुर्च्यांत, जगातले सगळ्यात थोर फुटबॉलतज्ज्ञ. शुक्रवार आहे, असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज नुकतीच झाली आहे. मैदानातून माणसं बाहेर पडताहेत ती मयतीहून परतल्यासारखी. फरक एवढाच की मयतीहून परतताना लोक गेलेल्याबद्दल चांगलं बोलतात. फनार घरच्या मैदानावर तीन गोलांनी हरलाय, आणि तोही दूर दक्षिणेकडच्या एका साखर कारखान्याच्या संघाकडून.

प्रवेश, उस्ता सनूसी. रुंद खांदे, भुवयांत कायमचा अडकलेला कापूस, चेहऱ्यावर सबंध मनुष्यजातीबद्दलची नापसंती. येतो, खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर घोड्यासारखा बसतो आणि कुणाकडेही न बघता म्हणतो, "हिगाझी, चहा दे. साखर घालू नकोस. आज साखर खूप झाली."

टाळी घेणारं वाक्य होतं. मी जन्मभर फिरत्या मंडळीत विनोदी कामं केली, उन्हाळ्यात समुद्रकाठच्या थिएटरात आणि थंडीत मिळेल त्या गावात. लोकांनी माझ्यावर फुलं फेकली आहेत आणि कलिंगडाच्या सालीही. पण पाठांतर न करता, ऐन वेळी, इतकं कडू आणि इतकं नेमकं बोलणारा नट मला आमच्या मंडळीत भेटला नाही. तो भेटला या फुटपाथवर, आणि तो गाद्या भरायचा.

सनूसीचा बाप पिंजारी, सनूसीही पिंजारी. आमच्या वस्तीत मुलीचं लग्न ठरलं की गच्चीवर कापसाचा ढीग पडतो, पिंजारी धनुकली घेऊन मध्ये बसतो आणि भोवती बायका टाळ्या वाजवून गातात. अर्ध्या अन्फूशीच्या जन्माची सुरुवात सनूसीच्या गाद्यांवर झालेली. तारेवर दांडका पडायचा, ढम् ढम् ढम्, आणि त्या ठेक्यावर हा शब्द जुळवत बसायचा. कापूस तो पोटापुरता पिंजायचा. मन लावून पिंजायचा ते फनारच्या कोचना.

त्याला फुटबॉल कळत होता का? अजिबात नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे त्याला शेवटपर्यंत समजलं नाही. तो त्याला रेफरीचा वैयक्तिक द्वेष समजायचा. पण त्याच्याकडे एक विद्या होती, आणि तिला सबंध शहर घाबरायचं.

आमच्याकडे पुरुषाच्या आईचं नाव ही कुलुपातली वस्तू. शाळेत एखाद्या पोराच्या आईचं नाव फुटलं तर तो आठवडाभर मारामाऱ्या करतो. लग्नपत्रिकेत ते नसतं, दारावर नसतं. ती अमक्याची आई, बस्स. फनारचा कोच चारदा हरला की सनूसी त्याच्या आईचं नाव शोधून काढायचा. कसं, ते त्याचं त्याला ठाऊक. कुणाच्या मावशीला उशी भरून दे, कुणाच्या दाईला गादी उलटून दे, असं करत ते नाव त्याच्या कानी यायचंच. मग शुक्रवारी पूर्वेकडच्या पायऱ्यांवर उभं राहून तो ते एकदा पुकारायचा, आणि वीस हजार माणसं धनुकलीच्या ठेक्यावर गायची:

अमकीच्या बाळा,
गादी आता गुंडाळा.

ज्याच्या आईचं नाव गायलं गेलं तो पुढच्या शुक्रवारी बाकावर दिसत नसे. एक जण तर मध्यंतरातच टॅक्सी करून गेला. त्याची शिट्टी अजून हिगाझीच्या गल्ल्यावर टांगलेली आहे. म्हणून सनूसीला सगळे अश्मावी म्हणत, म्हणजे फाशी देणारा. त्याला ते नाव आवडायचं. स्वतःच्या आईला मात्र तो आमच्यासमोर फक्त 'हाज्जा', म्हणजे हज करून आलेली, म्हणायचा. तिचं नाव आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची छाती कुणाची?

त्या दिवशी गादी गुंडाळली गेली ती एका हंगेरियन माणसाची. आम्ही सगळ्या गोऱ्यांना खवागा म्हणतो, तसा हा खवागा. त्याच्या आईचं नाव इलोना. मैदान ते गाऊ लागलं तेव्हा त्या भल्या माणसाला वाटलं, लोक त्याच्या आईचा सन्मान करताहेत. तो उठला, डोळे पुसले, चारी बाजूंना हात हलवला आणि छातीवर हात ठेवून वाकला. सनूसीच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा अपमान होता. फाशी दिलेला माणूस आभार मानून गेला.

तर प्रश्न असा होता, की आता कोण?

आमच्या कहवाखान्यात हा प्रश्न वर्षातून दोनदा यायचा आणि प्रत्येक वेळी तेच तिघे तीच उत्तरं द्यायचे. वगीह मास्तर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, नकाशावर जितका वर तितका माणूस हुशार असं मानणारे. त्यांना पुन्हा खवागाच हवा होता, पण या वेळी आणखी उत्तरेकडचा. शिस्त, ते म्हणाले, थंड देशात शिस्त असते.

"मास्तर, थंड देशात मासेही असतात," सनूसी म्हणाला. "ते इथे आणले की दुसऱ्या दिवशी वास येतो."

डॉक्टर लमई, कोपऱ्यावरचे औषधवाले, यांचा उमेदवार शिकलेला होता. परदेशातून पदव्या आणलेला, फळ्यावर रंगीत खडूने बाण काढणारा. सनूसीने हुक्क्याचा एक झुरका घेतला. फळ्यावर बाण नेहमी बरोबर जातात, तो म्हणाला, कारण फळ्यावर समोरचा संघ नसतो. हिगाझी स्वतः चहा ठेवता ठेवता म्हणाला की आपला जुना गोलकीपर का नको, घरचा माणूस आहे, क्लबसाठी जीव टाकेल.

"तो गोलात उभा असताना चेंडू त्याची विचारपूस न करता आत जायचा," सनूसी म्हणाला. "आता तर तोच गोल झालाय. त्याला बाकावर बसवाल तर मोडलेला बाक कोण भरून देईल?"

सगळे हसले. तसे ते नेहमीच हसत, आणि एवढ्यासाठीच येत. खरं सांगायचं तर ही सगळी मंडळी, मी धरून, दीडदमडीची होती. स्वतःच्या घरी जेवायला काय करायचं हे ठरवायचा अधिकार नसलेले लोक क्लबचं भवितव्य ठरवत होते. क्लबचे कारभारी आमच्याहून वाईट. अध्यक्ष बर्फाच्या कारखान्याचा मालक होता आणि क्लबही तसाच चालवायचा. जे येईल ते गोठवायचं, वास सुटला की फेकायचं.

हसू ओसरलं आणि हिगाझीच्या तोंडून एक नवं नाव निघून गेलं. घरचाच माणूस हवा तर लांब कशाला जायचं, तो म्हणाला. आज आपल्याला हरवलं कुणी?

साखर कारखान्याच्या बाकावर त्या दिवशी बसला होता कॅप्टन शौकी. एके काळी फनारचा डावा विंगर, गुडघा मोडून खेळ सुटलेला, मग दक्षिणेतल्या गावोगावच्या संघांना शिकवत फिरणारा. आणि शौकी म्हणजे सनूसीचा सख्खा धाकटा भाऊ.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. डॉक्टरांनी चष्मा काढला. इतकं सोपं उत्तर इतके दिवस न दिसता आज सापडलं म्हणून सगळ्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. शेजारच्या टेबलावरची डॉमिनोची सोंगटीसुद्धा हवेत थांबली.

सनूसी मात्र वेगळंच बोलू लागला. इतर उमेदवारांना त्याने एकेका वाक्यात पिंजलं होतं. भावासाठी तो उठून उभा राहिला. शौकी भित्रा आहे. शौकीला डावा पाय होता, पण डोकं कुठल्याच बाजूला नव्हतं. आज जिंकला तो आपण हरलो म्हणून. "ईदच्या आधी त्याला गच्चीवरची बकरी फिरवून आणायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "संध्याकाळी बकरी शौकीला घेऊन घरी आली. त्याच्या हातात फनार देताय?"

कुणी हसलं नाही. मास्तर माझ्याकडे झुकून पुटपुटले, सख्ख्या भावाचा इतका मत्सर बरा नव्हे. मलाही तसंच वाटलं. आम्ही नट लोक मत्सर पटकन ओळखतो, इतका पटकन की जिथे नसतो तिथेही.

कहवाखान्यातून तो मला दंडाला धरून ओढत बाहेर घेऊन गेला. मासेबाजाराच्या बोळात थांबला, खोकला. कापूस त्याच्या छातीत केव्हाच जाऊन बसला होता.

"फन्नान," तो म्हणाला. नाटकवाला म्हणून मला सगळे फन्नानच म्हणत. "शौकी आज हाज्जाकडे जेवायला येणार. अध्यक्षाचा माणूस त्याला आधीच भेटलाय. तू चल माझ्याबरोबर. तिला सांग, त्याला नाही म्हणायला सांग. जरा रड. तुला येतं."

"कशासाठी रडू ते तरी सांग."

तो भिंतीकडे बघून बोलला. "संघ बुडतोय. आलेला कोण वाचणार आहे? शौकीही हरेल. हरला की नाव मागतील. कुणाकडे मागतील?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शौकीची आई म्हणजे सनूसीची आई. नाव शोधायला त्याला कुणाच्या मावशीकडे जायची गरज नव्हती, आणि हे सबंध मैदानाला माहीत होतं.

हाज्जाचं घर मैदानाच्या कोपऱ्यावर, चौथ्या मजल्यावर. बाल्कनीतून एक गोलपोस्ट दिसायचा आणि पूर्वेकडच्या पायऱ्या. आम्ही पोचलो तेव्हा शौकी जमिनीवर बसून तळलेली मासळी खात होता आणि ती त्याच्या ताटातले काटे काढून टाकत होती, जणू तो सामना जिंकून नाही, शाळेतून आलाय. वाळक्या खारकेएवढी बाई, पण आवाज सनूसीचा. म्हणजे सनूसीचा आवाज तिचा.

मी माझं काम चोख केलं. शौकीच्या गुडघ्यापासून सुरुवात केली, अलेक्झांड्रियाच्या दमट हवेवर आलो, लोकांच्या कृतघ्नतेवर गळा दाटून आणला. डोळ्यांत पाणीही आणलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"हा कोण रडतोय?" तिने सनूसीला विचारलं. "पैसे देऊन आणलास की फुकट?"

शौकी हसला. मग त्याने हात पुसले आणि भावाकडे बघितलं. "दादा, मला एकच सांग. मला जमणार नाही म्हणून नको म्हणतोस की दुसरं काही?"

"जमणार नाहीच," सनूसी म्हणाला.

"मला माहितेय जमणार नाही. कुणालाच जमणार नाही. पण मी त्या मैदानावर वाढलो. बुडताना तरी मला तिथे असू दे."

सनूसी आईकडे वळला आणि अडखळत, शब्द चावत, खरं कारण सांगितलं. नाव. मैदान. वीस हजार तोंडं. तो हे अशा आवाजात बोलला की मघाच्या माझ्या रडण्याची मला लाज वाटली.

हाज्जा मासळीचं ताट बाजूला सारून बसली.

"मला काय बहिरी समजलास?" ती म्हणाली. "दर हंगामात मी बाल्कनीत बसून ऐकते. दौलत ऐकली, फहीमा ऐकली, आज ती परदेशातली कोण ती, इलोना, तीही ऐकली. ठेका तुझ्या बापाच्या धनुकलीचा, हे मला कळत नाही होय? दुसऱ्यांच्या आया गाताना तुझी जीभ जड झाली नाही."

"हाज्जा..."

"गप्प बस. माझं नाव शेवटचं कधी कुणी घेतलं, माहितेय? तुझ्या बापानं, काझीसमोर, तेही काझीनं दोनदा विचारल्यावर. नंतर अगं, मग सनूसीची आई, मग हाज्जा. माझ्या मयतीच्या कागदावरसुद्धा तुम्ही सनूसीची आईच लिहाल." ती शौकीकडे वळली. "तू काम घे. आणि हरशील तेव्हा हर. पण ते नाव ऐकायला तोवर माझे कान शाबूत असायला हवेत, हे लक्षात ठेव."

सनूसी जिन्यात बसला तो बराच वेळ उठला नाही.

शौकी फनारचा कोच झाला. कहवाखाना आनंदला, घरचा माणूस हे उत्तर आपणच शोधलं असं प्रत्येकाने आपापल्या बायकोला सांगितलं. पहिला सामना जिंकला, तेव्हा त्याला खांद्यावर घेतलं. दुसरा बरोबरीत सुटला, तेव्हा समजून घेतलं. मग हार, पुन्हा हार. हेच खांदेवाले लोक भोपळ्याच्या बिया फोडत टरफलं बाकाच्या दिशेने थुंकू लागले. आमचं प्रेम असंच. त्याच्यापेक्षा मांजराचं बरं, ते निदान उपकार केल्याचं सांगत नाही. सनूसी प्रत्येक सामन्याला यायचा, पूर्वेकडच्या पायऱ्यांवर आपल्या जागी बसायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. पिंजायला बसला तरी ठेका मध्येच तुटायचा. लग्नाघरच्या बायका तक्रार करू लागल्या की गाणं जमत नाही.

शेवटचा घरचा सामना आला. जिंकलो तर टिकणार, नाहीतर खालच्या विभागात. मध्यंतरालाच दोन गोल चढलेले. तिसरा झाला आणि उत्तरेकडून ते गाणं सुरू झालं. नाव नव्हतं, म्हणून नावाच्या जागी पोरं टाळ्या वाजवत होती.

ढम् ढम् ढम्, बाळा,
गादी आता गुंडाळा.

एकेक स्टँड वळत गेला. वीस हजार माणसं पूर्वेकडच्या पायऱ्यांवरच्या एका पिंजाऱ्याकडे बघत होती. नट म्हणून सांगतो, एवढे डोळे अंगावर आले की माणूस एकतर मोठा होतो नाहीतर पळतो. वगीह मास्तर, ज्यांना सनूसीने जन्मभर टोचलं, ते त्याच्या कानाशी गेले. "उस्ता, खोटं दे. फातिमा दे, झैनब दे. शंभर घरी असतात. कुणाला कळणार?"

सनूसीने बाल्कनीकडे बघितलं. हाज्जाने खुर्ची कठड्याला लावून घेतली होती. हजचा पांढरा शेला डोक्यावर, हात कठड्यावर, मान पुढे. रंगमंचापासून दूरच्या जागी बसलेला प्रेक्षक बसतो तशी.

तो बाकावर चढला. आधी खोकला. मग बोलला, पण इतक्या हळू की पहिल्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. कुणीतरी ओरडलं, काय म्हणालास, अश्मावी? तेव्हा त्याने छाती भरून घेतली आणि आवाज सोडला. आईचाच आवाज.

"तफीदा."

आणि मैदान गायलं. तफीदाच्या बाळा, गादी आता गुंडाळा. एकदा, दोनदा, मग मोजायचं सोडून दिलं. शौकी बाकावरून उठला. त्याने गर्दीकडे नाही, बाल्कनीकडे पाहिलं, आणि त्या हंगेरियन खवाग्यासारखाच छातीवर हात ठेवून वाकला. वर हाज्जा तफीदा शेल्याचं टोक हलवत होती. नंतर तिने शेजारणीला सांगितलं म्हणे, की पोरं 'फी' जरा जास्त ओढतात, बाकी ठीक.

शौकी गेला. फनार खालच्या विभागात गेला. अध्यक्ष मात्र जागच्या जागी, बर्फासारखा.

पुढच्या शुक्रवारी सामना नव्हता, तरी आम्ही जमलोच, कारण आम्हाला दुसरं काही येत नव्हतं. हिगाझीने चहा ठेवला. मास्तरांनी नकाशात आणखी वर जाऊन एक देश शोधला होता. डॉक्टरांचा बाणवाला अजून मोकळाच होता. गोलकीपर आणखी गोल झाला होता. सनूसी उलट्या खुर्चीवर बसून सगळ्यांकडे त्याच जुन्या तुच्छतेने बघत होता, पण कुणाला पिंजत नव्हता. शेवटी मास्तरांनाच राहवेना. उस्ता, ते म्हणाले, तू तरी सांग, आता कुणाला आणायचं?

दुसऱ्या दिवशी मी लेकीकडे कैरोला गेलो आणि थंडी तिथेच काढली. परतलो तेव्हा कापसाने त्याची छाती पुरती भरून त्याला नेलं होतं. त्यामुळे मी त्याच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं वाक्य ते हेच. त्याने चहाचा ग्लास तोंडाला लावला, तळाशी राहिलेला गाळ फुटपाथवर झटकला आणि म्हणाला, "कुणालाही आणा. हरला की नाव आमच्या आईचंच घ्यायचं."